‘आमदार झालो की शंभर दिवसांत’: नाशिकमध्ये फिरणाऱ्या यादीचा प्रतिवाद

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एका इच्छुक उमेदवाराची यादी फिरते आहे. वर मथळा ‘आमदार झालो की शंभर दिवसांत’ आणि खाली सहा ओळी. खासगी शाळांची फी पाच वर्षे गोठवणार. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या, जागा २५ वरून ५० टक्के करणार. मनपा शाळांतली शिक्षकांची सगळी पदे भरणार. प्रत्येक बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीची करणार. कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी येऊ देणार नाही. गोदावरीचा थेंबही खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडू देणार नाही.

नाव मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने याच ओळी सगळ्याच पक्षांच्या पत्रकांत सापडतात. उमेदवाराच्या हेतूवरही आमचा आक्षेप नाही. आक्षेप एवढाच की यातल्या बहुतेक गोष्टी आमदाराच्या टेबलावर येतच नाहीत, आणि ज्या खरोखर त्याच्या हातात आहेत त्यांचा यादीत पत्ता नाही.

फीचा मुद्दा आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त अंगठे याच ओळीवर उठले आहेत. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा, तो अमलात आला २०१४ मध्ये. शाळेची फी त्यानुसार ठरते आणि ठरवणाऱ्यांत आमदार नाही. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी, हिशेबासह, या समितीपुढे ठेवायचा. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. समितीचा आकडा आणि व्यवस्थापनाचा आकडा यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडले, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते.

फसते ते याच पायऱ्यांवर. चिठ्ठ्यांची सूचना लांबलचक परिपत्रकाच्या तळाशी असते, म्हणून अर्ज मोजकेच येतात. बैठकीत जमाखर्च पडद्यावर भरभर दाखवला जातो, हातात कागद मिळत नाही, आणि निघताना हजेरीपटावर केलेली सही पुढे मंजुरी म्हणून दाखवली जाते. समितीत असाल तर हजेरी आणि ठराव यांच्या सह्या वेगळ्या ठेवायला सांगा, आणि हिशेबाची प्रत हातात पडेपर्यंत ठरावावर सही करू नका.

‘गोठवणार’ या शब्दाचे काय होते, तेही एकदा दिसले आहे. ८ मे २०२० रोजी खुद्द राज्य सरकारने फीवाढ रोखणारा शासन निर्णय काढला, आणि जूनमध्येच उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सरकारला जे जमले नाही ते एकटा आमदार शंभर दिवसांत कसे करणार?

आमदाराला करण्यासारखी गोष्ट मात्र याच कायद्यात आहे. २०१८ च्या दुरुस्तीने पालकांना नियामक समितीकडे थेट जाण्याची वाट दिली, पण त्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. बाराशे मुलांच्या शाळेत म्हणजे सुमारे तीनशे सह्या. ज्यांची मुले त्याच शाळेत बसतात, त्यांच्या तीनशे सह्या जमवून बघा! ही अट खाली आणण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागते. तिचे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, कुठलाही आमदार मांडू शकतो. यादीत ते नाही.

आरटीईच्या २५ टक्के जागा राज्याने दिलेल्या नाहीत, त्या संसदेच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १२ मधून येतात. शिक्षण समवर्ती सूचीत असले तरी केंद्रीय कायद्याशी विसंगत दुरुस्ती टिकवायला राष्ट्रपतींची संमती लागते. नुसत्या नियमांत फेरफार करून काय होते तेही पाहिले आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. तो उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला. शिवाय आहेत त्या जागांवरही मुले गाळली जातात ती कागदांमुळे. अर्जात घराचे ठिकाण नकाशावर चुकीचे टेकवले जाते, भाडेकरार नोंदणीकृत नसून नुसता नोटरीचा असतो, आणि एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला मुदतीत हाती येत नाही. सिडको-सातपूर पट्ट्यातल्या भाडेकरू कामगारांना यातला भाडेकरारच जास्त नडतो. आमदाराच्या संपर्क कार्यालयात अर्जांच्या महिन्यात एक जाणकार माणूस बसवला, तरी पुष्कळ काम होईल.

मनपा शाळांतल्या शिक्षकांचे गणित जरा किचकट आहे. पदे ठरतात संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, आणि संच मान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे त्या दिवशीच्या विद्यार्थिसंख्येवर. पटावरच्या मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळले नाही, तर ते मूल मोजणीतून गळू शकते. केंद्रीय कायद्याच्या तक्त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन. म्हणजे पट ६१ वरून ६० वर आला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि एका मुलाच्या आधारमधली चुकलेली जन्मतारीख एवढ्याला पुरते. निफाड-दिंडोरीकडच्या शाळांचे दुखणे उलटे आहे. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची मुले येतात, तेव्हा सप्टेंबरची मोजणी होऊन गेलेली असते.

पद मंजूर झाले तरी ते भरायचे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचे सरकारी संकेतस्थळ) या मार्गाने. त्याआधी बिंदुनामावली, म्हणजे कुठले पद कुठल्या आरक्षणात जाते याची नोंदवही, विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. शंभर दिवस यातल्या एका फाइलला पुरले तरी खूप. नेमणुकीत आमदाराला अधिकार नाही, पण बिंदुनामावली कुठे अडली हे तो विधानसभेत तारांकित प्रश्नात (ज्याला मंत्री तोंडी उत्तर देतात) किंवा नियम १०५ च्या लक्षवेधी सूचनेत विचारू शकतो. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, म्हणून फाइल हलते.

याच ओळीखाली कुणीतरी ‘आमदार निधीतून शिक्षक नेमा’ असे लिहिले आहे. वर्षाला पाच कोटींचा हा निधी बांधकामासारख्या कामांसाठी आहे, पगारासाठी नाही. त्यातून वर्गखोली होते, स्वच्छतागृह होते. तेही आमदाराने फक्त सुचवायचे. पुढे जिल्हा नियोजन कार्यालय, अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा. आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळांबाबतही असाच समज आहे, की आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे तर प्रश्न इथल्या इथे सुटेल. २०२५ मध्ये आश्रमशाळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत (कंत्राटी कंपनीमार्फतच्या) भरतीविरुद्ध याच आयुक्तालयासमोर बिऱ्हाड मांडून आंदोलन केले. पण असे धोरण मंत्रालयात ठरते, इथे त्याची फक्त अंमलबजावणी होते.

मराठीची सक्ती? २०२० पासून कायदाच आहे, सगळ्या बोर्डांना लागू, आणि मोडल्यास एक लाखापर्यंत दंड. झालेल्या लग्नाचे आमंत्रण कशाला वाटता? किती शाळांना दंड झाला, ते सभागृहात विचारा.

कांद्यावर दोनच ओळी. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी दिल्लीतून लागली आणि मे २०२४ मध्ये दिल्लीतूनच उठली. तेव्हा लावलेले ४० टक्के शुल्क पुढे २० झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून गेले, तेही दिल्लीच्याच आदेशाने. हा प्रश्न खासदाराला विचारायचा.

राहिले जायकवाडी. पाणी सोडले जाते ते विधिमंडळाने स्वतः केलेल्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यामुळे. त्यातले समन्यायी वाटपाचे (खोऱ्यातल्या सर्वांना पाण्याचा न्याय्य वाटा देण्याचे) कलम आणि प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश असे सांगतो की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. नाशिककडचे गंगापूर आणि दारणा हे धरणसमूह त्यात आलेच. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या वाटपावर शिक्कामोर्तब केले. साठा ६५ च्या वर असेल तर त्या वर्षी हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ‘आम्ही पाणी रोखले’ असे सांगणाऱ्याला त्या तारखेचा साठा विचारावा. कलम बदलायचे तर २८८ जणांच्या सभागृहात बहुमत लागेल. तिथे नाशिक जिल्ह्याचे आमदार १५ आणि मराठवाड्याचे ४६. नंतरच्या अभ्यासगटाने ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली आहे. त्यावर, आणि नदीपात्रातून पाणी जाताना वाटेत मुरून-आटून होणाऱ्या वहनव्ययाच्या मोजणीवर, आकडे घेऊन बोलणारा उमेदवार अजून तरी या गटांवर दिसलेला नाही.