उडी रक्तातच असावी लागते? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

“डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणे) करणारे जन्माला यावे लागतात, सरावाने उडी वाढत नाही” हा मजकूर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये सारखा फिरत असतो. त्यात तीन दाखले असतात: उंची, उंच उडीपटू डोनाल्ड थॉमस आणि “तीन महिने रोज पाचशे उड्या मारल्या, फरक शून्य”.

आधी उंची. रिंग जमिनीपासून 305 सेंमीवर असते. चेंडू वरून आत घालायचा तर बोटे तिच्या 15 सेंमी तरी वर, म्हणजे 320 पर्यंत जायला हवीत. उभ्याने हात वर केल्यावर 240 सेंमीपर्यंत पोहोचणाऱ्याला 80 सेंमी उडी पुरते, 225 वाल्याला 95 लागते. हा फरक मोठा आहे आणि तो सरावाने मिटत नाही. पण हा फरक पोहोचीचा झाला, उडीचा नव्हे. 1986 ची एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) डंक स्पर्धा जिंकणारा स्पड वेब जेमतेम 170 सेंमीचा होता. म्हणून बोटाला खडू लावा, भिंतीवर उभ्याची खूण करा, मग उडी मारून दुसरी. दोन खुणांमधले अंतर ती तुमची उडी.

बहामाचा थॉमस 2006 मध्ये उंच उडीचे प्रशिक्षण न घेता 2.22 मीटर गेला आणि 2007 मध्ये ओसाकात जगज्जेता झाला. देणगी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तो बास्केटबॉलपटू होता. उड्या मारणे त्याला नवे नव्हते. आणि त्याच्या देणगीवरून तुमची उडी वाढेल की नाही, हे ठरत नाही.

तिसरा दाखला सगळ्यात फसवा, कारण अनुभव खरा असतो आणि निष्कर्ष चुकीचा. पाचशे उड्यांतल्या पहिल्या वीसेक जोरात होतात. पुढच्या दमलेल्या पायांनी, अर्ध्या ताकदीच्या. शरीर तेच शिकते. त्यात सिमेंटचे कोर्ट असेल, तर गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखू लागते. नुसत्या टाचा उचलून पोटऱ्या कमावणेही अपुरे, कारण मुख्य जोर मांड्या आणि नितंबांतून येतो.

पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा वजन घेऊन स्क्वॉट (उठाबशा): एका वेळी पाच, असे चार सेट. सोबत 30 सेंमीच्या खोक्यावरून उतरून आवाज न करता थांबायचे. गुडघे आत वळले, तर खोक्याची उंची कमी करा. त्यानंतर पूर्ण जोराच्या उड्या: पाचचे सहा सेट, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, सरावाच्या दोन दिवसांमध्ये किमान 48 तासांचे अंतर. खडूची खूण खाली आली की त्या दिवशी थांबा. नवख्याची 50 सेंमीची उडी काही महिन्यांत चार-पाच सेंमीने वाढणे वाजवी आहे. वीस सेंमीची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काही सेंमी तर तंत्रातच अडकलेले असतात. हात मागून झोकून वर नेले तर उडी सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. धावत येताना शेवटून दुसरे पाऊल लांब आणि शरीर किंचित खाली, शेवटचे आखूड आणि चटकन. उलट केले, तर वेग पुढेच वाहून जातो. आणि रिंगला मनगट लागत असूनही डंक हुकतो, तो बहुधा चेंडू तळव्यातून निसटल्यामुळे. सराव आधी टेनिसच्या चेंडूने करा, मग पाच नंबरच्या (लहान) बास्केटबॉलने, शेवटी सात नंबरच्या (पूर्ण आकाराच्या).