इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही

काल रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन, आवाज रडवेला. तिच्या भिशीच्या ग्रुपवर शेतात आदळलेल्या छोट्या विमानाचा फोटो फिरतोय. खाली मजकूर: ‘इंजिन बंद पडलं की असलं विमान दगडासारखं पडतं, पायलट वाचतच नाही. सगळी भंगार विमानं. ब्लॅक बॉक्स नाही, म्हणून चौकशी दडपतात. कारखान्याची चिमणी पाडल्याचा शाप, दुसरं काय!’ भाची बारामतीला विमान चालवायला शिकते. मग झोप कुठली?

फोटो इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा, २५ जुलै २०२२चा. विमानात एकटी शिकाऊ मुलगी होती. किरकोळ जखमांवर वाचली. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा म्हणून पाडली ती १५ जून २०२३ला. म्हणजे शाप अकरा महिने आधीच पोचला!

दगडाचं मात्र खपवून घेणार नाही. सेस्ना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाचं इंजिन थांबलं तरी पंख जागेवरच असतात. नाक खाली करून ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर वेग धरला, तर वारा नसताना हजार फुटांवरून ते अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जातं. शिकवताना इन्स्ट्रक्टर मुद्दाम थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो नि विचारतो, ‘सांग, कुठं उतरवशील?’ पाडव्याला भाचीला गाडीनं आणत होतो, तर टेंभुर्णीपासून हिचं लक्ष खिडकीबाहेर. ‘मामा, ही नांगरट नको, ढेकळात पुढचं चाक अडकून विमान उलटेल. ऊसही नको. ते ज्वारी काढलेलं रान बरंय, पण कडेच्या तारा बघ.’

ब्लॅक बॉक्सची एवढ्या लहान विमानाला सक्ती नाही, हे खरं. पण प्रोपेलरची पाती मुरडलीत की सरळ राहिलीत, यावरून आदळताना इंजिन जोरात होतं की नाही याचा अंदाज येतो. टाकीतलं इंधन, चाकांच्या खुणा, टॉवरशी झालेल्या बोलण्याची टेप, लॉगबुक, सगळं तपासतात. आणि कुणाला आत टाकलं नाही म्हणजे दडपलं असं नव्हे. शिकागो कराराचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, तेरावं परिशिष्ट स्पष्ट सांगतं की तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी नाही. आपले नियमही त्यावरच बेतलेत. अंतिम अहवाल यायला फार वेळ लागतो, तो राग माझाही आहे.

विमानं जुनी आहेत, बरं, मान्य. सेस्ना १५२चं उत्पादन १९८५लाच थांबलं. पण त्यांची तपासणी उड्डाणाचे तास आणि ठरलेली मुदत मोजून होत राहते.

बहिणाबाई, आता हे त्याच भिशीच्या ग्रुपवर टाक. आणि कडबनवाडीची तारीख आधी लिही.