कधीच न पडणारी एमसीबी कशी निवडावी

सकाळी गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एकदम चालू केली की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा बोर्डातला खटका, पडते, मग अंगाला साबण लावलेला माणूस आतनं ओरडतो, पोरगं स्टुलावर चढून खटका वर करतं, आणि दहा मिनिटांत परत तेच. हे किती दिवस चालवायचं? बेळगावच्या गणपत गल्लीत जावा, १६ च्या जागी ३२ अँपिअरची मागा. आकार तोच, पट्टीवर टकन बसते, वायर बदलायचा खर्च नाही.

दुकानात कोणतरी शहाणा भेटेलच. तो म्हणणार, एमसीबी गीझरची राखण करत नाही वो, भिंतीतल्या वायरची करते, २००० वॅटचा गीझर नऊ अँपिअरसुद्धा ओढत नाही, तुम्ही तीन वस्तू एका लाईनवर टाकून २२ अँपिअर ओढालाय, गीझरला वेगळी लाईन काढा, २.५ चौरस मिमीची वायर टाका. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जुन्या घरातली १.५ ची वायर आजोबांच्या वेळची आहे, तिला सगळ्याची सवय आहे. ३२ वाली एमसीबी ३६ अँपिअर तासभर गेले तरी पडायची नाही, स्टँडर्डच तसं आहे तिचं! तेवढ्यात वायरचं वरचं प्लास्टिक मऊ होईल, पण ते प्लास्टरच्या आत, कुणाला दिसतंय?

आता बी, सी, डी. एमसीबीवरची ही अक्षरं म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या अचानक किती पट करंट आला की लगेच पडायचं ते: बी तीन ते पाच पट, सी पाच ते दहा, डी दहा ते वीस. म्हणून बैठकीच्या एलईडीला डी १६ लावा. शॉर्ट झाल्यावर ३२० अँपिअर आले तर हमखास लगेच पडेल, आणि लांबच्या बारीक वायरीतनं तेवढे आलेच नाहीत तर बसेल निवांत तापत. वडगावात मागाच्या मोटारीला लोक सी नाहीतर डी बघून घेतात, तुम्ही मात्र उसाच्या पंपाला बी लावा. मोटर सुरू होताना सहा-सात पट ओढते, बी लगेच पडते, उचला, परत पडते, रात्री थ्री फेज आली की अथणी-चिकोडीकडं बांधावरनं तेवढाच व्यायाम.

राहिली ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळाला की पडणारा खटका. शॉक लागायच्या वेळी माणसाला वाचवते म्हणे, एमसीबीला ते जमत नाही. पण पावसाळ्यात ओल आली की ही बया सारखी पडते, आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. वायरमनला सांगून बायपास करून टाका. गीझरला हात लावताना तेवढं पायात चप्पल आहे का बघा.