तेरुएलमध्ये काम आहे, घर मिळत नाही

दगडी घरांच्या सुंदर फोटोसह एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. स्पेनचा तेरुएल प्रांत म्हणे ओस पडलाय. उद्योगधंदा उरला नाही, विमानतळ बांधला तर प्रवासी नाहीत, म्हणून सरकार फुकट घर आणि वर पैसे देऊन माणसं बोलावतंय. आता वाचवलं तर पर्यटनच वाचवील.

माणसं कमी आहेत, एवढं खरं. सुमारे 14,800 चौरस किलोमीटरच्या प्रांतात 1 लाख 35 हजारांच्या आसपास लोक, म्हणजे चौरस किलोमीटरला नऊ. पुढचं मात्र तपासून घ्यायला हवं.

विमानतळावर प्रवासी नाहीत, कारण तो प्रवाशांसाठी बांधलेलाच नाही! काउदेच्या जुन्या लष्करी तळाच्या जागी 2013 पासून तिथं विमानं ठेवली जातात, दुरुस्त होतात आणि मोडीत निघतात. हजारेक मीटर उंची, कोरडी हवा. धातूला गंज लवकर धरत नाही. कोविडमध्ये जगभरची उड्डाणं थांबली तेव्हा शंभरावर विमानं इथं उभी होती, त्यांत दुमजली, अजस्र एअरबस ए380 सुद्धा.

उद्योगाचं म्हणाल तर कोळसा गेला, हे कबूल. याच प्रांतातल्या अंदोर्रा गावचं (त्याच नावाच्या देशातलं नव्हे) औष्णिक वीजकेंद्र 2020 मध्ये बंद झालं आणि त्या भागाला मोठा फटका बसला. पण तिथून दक्षिणेला सार्रियोनला या. हजार-बाराशे वस्तीचं गाव, जगतं काळ्या ट्रफलवर. हे चॉकलेट नव्हे. अळंबीच्या भावकीतली, जमिनीखाली वाढणारी, खाण्यातली सुगंधी बुरशी. तिचं विरजण मुळांना लावलेली ओकची रोपं चुनखडीच्या खडकाळ रानात लावायची आणि आठ-दहा वर्षं वाट पाहायची. झाडाभोवतीचं गवत जळाल्यासारखं गोल दिसू लागलं की शेतकऱ्याची कळी खुलते. हिवाळ्यात कुत्रा नाक जमिनीला लावून फिरतो, एका जागी थबकून पंजानं उकरू लागतो. मालक त्याला खाऊ देऊन बाजूला घेतो, मूठभर माती हुंगतो, मग जपून खणतो. जिथं गहू जेमतेम यायचा, तिथली ही शेती. माल बहुतेक परदेशी जातो. शिवाय तेरुएलचं हॅम, म्हणजे मिठात मुरवून सुकवलेली डुकराची तंगडी, आहेच. स्पेनमध्ये हॅमला उगमस्थानाची अधिकृत ओळख सर्वांत आधी, 1984 मध्ये, याच प्रांतात मिळाली. बेरोजगारीही देशाच्या सरासरीपेक्षा कमी असते.

आता फुकट घर. काही गावांच्या नगरपालिका जाहिराती देतात, पण त्या शाळा बंद पडू नये म्हणून, लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी. घर सहसा कमी भाड्यानं मिळतं, मालकीचं होत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो तो लागतोच. खरी गोची उलटीच आहे. घरं बंद आहेत, पण ती वारसांच्या सामाईकात. मालक वलेन्सियात नाहीतर बार्सिलोनात, ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येणार, म्हणून भाड्यानं द्यायला तयार नसतात. नोकरी मिळालेला माणूस मग राहणार कुठं?

पर्यटनाला मी नाक मुरडत नाही. तेरुएल शहरातले मुदेखार मनोरे पाहण्यासारखेच आहेत. ख्रिस्ती राजवटीत मागे राहिलेल्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतलं हे वीटकाम, त्यात हिरव्या-पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे. काहींच्या आत मिनारासारखीच रचना: मनोऱ्यात मनोरा आणि दोहोंच्या मधून जिना. 1986 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. अल्बारासिनमध्ये तर तांबूस जिप्समच्या गिलाव्याची घरं मुळाबरहुकूम दुरुस्त करायला एक प्रतिष्ठान वर्षानुवर्षं राबतंय. गवंडी, सुतारांना तिथं काम आहे, आणि मला त्या गावाचं हेच जास्त आवडतं. पण शनिवारी फोटो काढून रविवारी परतणाऱ्याच्या जिवावर शाळा चालत नाही.

तिथल्या लोकांनाही हे कळतं. 1999 मध्ये त्यांनी ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ अशा नावाची चळवळच उभी केली. 2019 च्या निवडणुकीत तिचा एक खासदार निवडून आला आणि जानेवारी 2020 मध्ये पंतप्रधान सांचेझ 167 विरुद्ध 165 मतांनी जिंकले, त्या 167 मध्ये त्याचं मत होतं. चळवळ मागत होती बरी रेल्वे, डॉक्टर, इंटरनेट. माद्रिदला थेट गाडी नाही म्हणून ओरड आजही चालूच आहे.