'चढला' की 'चढली'? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, आणि उत्तराला आठवडा लागला म्हणून सॉरी. तुमचं म्हणणं असं की ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिसवरच्या पोस्टमध्ये मी तिच्या लिंगबदलाचा विषय उगाच घुसडला, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ती पुरुषच होती तर 'चढली' कसं लिहिलं, आणि डोंगराला कुठे कळतं कोण बाई कोण बाप्या, तिथे ओळखी मिरवायच्या कशाला.

'चढली'चं असं आहे की मराठीत सुटकाच नाही, गेला की गेली हे वाक्यागणिक ठरवावं लागतं, मग मी तिचंच ऐकलं. लंडनच्या 'टाइम्स' पेपरची बातमीदार म्हणून मोहिमेबरोबर गेली, डोंगर चढायचा काडीचा अनुभव नाही, तरी साधारण 22,000 फुटांपर्यंत पोचली, आणि 30 मेला हिलरी-तेनझिंग शिखर सर करून कॅम्पवर परत आले तशी त्याच दिवशी खुंबू आइसफॉलमधून, म्हणजे भेगाळलेल्या बर्फाच्या उतारावरून, धडपडत खाली उतरली, का तर बातमी पाठवायची होती. वाटेवरच्या नामचे बाजार गावातल्या वायरलेसवरून गेलेल्या सांकेतिक निरोपात 'बर्फाची स्थिती वाईट' म्हणजे शिखर सर! 2 जूनला, राणीच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, लंडनच्या पेपरात छापून आलं. तेव्हा जगासाठी ती जेम्स होती. ऑपरेशन 1972 ला कॅसाब्लांकात, आणि 1974 च्या आत्मकथनात म्हणते की आपण खरं तर मुलगी आहोत हे तिला तीन-चार वर्षांची असल्यापासूनच कळलेलं होतं. त्याच पुस्तकात एव्हरेस्टच्या वेळच्या आपल्या पुरुषी शरीराबद्दलही लिहिलंय, त्याची ताकद आवडायची हेसुद्धा. म्हणजे संबंध तिनेच जोडलाय, मी नाही. (फोटोखाली मात्र मी स्वतःच 'तो' लिहून बसलो होतो, ते बरोबर पकडलंत, सुधारलंय.)

आता मिरवणं. माथ्यावरचा तेनझिंगचा फोटो आठवा, आइस-अ‍ॅक्सला चार झेंडे, संयुक्त राष्ट्रं, ब्रिटन, नेपाळ आणि भारत. खाली आल्यावर तो नेपाळचा की भारताचा यावर केवढी ओढाताण झाली. 1984 ला बचेंद्री पाल एव्हरेस्टवरची 'पहिली भारतीय महिला' म्हणून गाजली, तेव्हा महिला कशाला म्हणता असं कोणी विचारलं नाही. आपण गडावर भगवा नेतोच की. डोंगरावर ओळख नको हा नियम नेमका ट्रान्स माणूस आला की आठवतो, याचं मला हसू येतं.

महिला खेळाडूंवर अन्याय होतो म्हणालात, तर स्पर्धांचा प्रश्न खरा आहे, वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने 2023 मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स महिलांना महिला गटातून बाद केलं, त्यावर माझंही मत पक्कं नाही. पण रविवारी कळसूबाईला कोणाचं मेडल जातंय?

डोंगराला फरक पडत नाही हे शंभर टक्के खरं. पण डोंगराच्या आधी ट्रेकचा गूगल फॉर्म येतो, त्यात मेल-फिमेल, मग लेडीज टेन्ट-जेन्ट्स टेन्ट, मग वाडीतल्या घरात कोणी कुठे पथारी टाकायची. आमच्या ग्रुपमध्ये एक जण तीन वर्षं यायची, कायम शेवटी चालायची, बोलायची पण "दम लागला", "भूक लागलीये", "पोचायला उशीर होईल", एवढंच. मला वाटायचं पोरगा अबोल आहे. ती 'मी' टाळून बोलत होती हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. गेल्या डिसेंबरात कळसूबाईच्या शिडीखाली धपकन बसली आणि म्हणाली, "थांबा रे, मी दमले." दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही, मग मागच्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि आम्ही सगळेच बसलो.