गादीचा वास आणि माझं डोकं

गणपतीला मुंबईची मंडळी येणार म्हणून श्रावणातच नवीन गादी मागवली, ती दाबून गुंडाळलेली येते ना तसली. प्लॅस्टिक फाडलं, गादी फुगली आणि खोलीभर रबर नि ऑइलपेंटचा मिक्स वास. बाकीच्यांना काहीच नाही, माझे अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, डोकं ठणकायला लागलं. फिनेल, अगरबत्ती, ताजा रंग, सगळ्यानेच माझं हे होतं, घरात ठाऊक आहे, तरी पहिलं वाक्य काय, तर "तुझ्या मनाचे खेळ".

मनाचे नाहीत हो. फोम म्हणजे पॉलीयुरेथेन, रसायनांचं मिश्रण फुगवून करतात, थर चिकटवायला गम वेगळा, आणि त्यातनं उडणारे वायू नव्या गादीतून बरेच दिवस बाहेर पडत राहतात, उकाडा असला की जास्तच. मेमरी फोम (अंगाच्या आकाराने दबतो तो) तर १९६६ साली नासासाठी विमानाच्या सीटकरता शोधलेला, आता सीटमध्ये तोंड खुपसून रात्रभर कोण झोपतं सांगा!

कंपनी म्हणते २-३ दिवस हवेशीर जागी ठेवा. दापोलीत, श्रावणात? खिडकी उघडली तर पाऊस आत, पडवीत ठेवली तर बुरशी. तरी ३ आठवडे ठेवली, वास मेला असं वाटलं, आणि रात्री अंगाची ऊब लागल्यावर परत सुरू.

मग काथ्याची बघायला गेले. त्यातही काथ्यावर रबराचा चीक मारून दाबतात, आणि बऱ्याच गाद्यांत वर इंचभर फोम असतोच, म्हणून कापलेला तुकडा बघायला मागा. मी मागितला तर दुकानदार हसला, "ताई, वास घेऊन कोण गादी घेतं?" मी घेते! तुकडा घरी आणून काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी झाकण उघडून हुंगला. (लोणच्याची बरणी नको, तिचा स्वतःचाच वास जन्मात जात नाही.) सर्टिफिकेट बघा जरूर, पण 'लो एमिशन' म्हणजे वायू कमी सोडते, शून्य नव्हे, आणि 'ऑर्थोपेडिक' छापलंय त्याचा वासाशी काही संबंध नाही.

सासूबाई म्हणाल्या माळ्यावरची कापसाची काढ. काढली तर डांबरगोळ्यांचा असा भपकारा की फोम परवडला.

शेवटी पिंजाऱ्याकडून १२ किलो नव्या कापसाची भरून घेतली, मिलचा वेस्ट नको म्हणून समोर बसून, आणि खाली बिनफोमची पातळ काथ्याची. कडक आहे, पहिला आठवडा कंबर बोलत होती, आणि पावसात दमट होणार हेही माहीत आहे, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात अंगणात टाकायची म्हणजे उचलायला दोन माणसं. पण सकाळी डोकं धरून उठत नाही.

फोमची गादी भाच्याला दिली, तो ढाराढूर झोपतो तिच्यावर. आता सावरीच्या कापसाची उशी हवीय, दापोली-हर्णै बाजूला कोणी अजून भरून देतं का?