‘हायब्रीड’ हरभऱ्यात म्हणे जीवनसत्त्वं शून्य

आमच्या घरच्या ग्रुपवर संक्रांतीपासून एक मेसेज फिरतोय: ‘गावरान हरभऱ्यात जीवनसत्त्वं ठासून भरलेली, हायब्रीडमध्ये शून्य. गावरान डाळ खा, बी-१२ च्या गोळ्या बंद करा.’ तो वाचून मावशीनं सोलापुरात दुप्पट भावानं पाच किलो डाळ घेतली, म्हणून हे लिहायला बसलो.

मुळात बाजारात हायब्रीड हरभरा नसतोच. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेतं, त्यामुळं दरसाल संकरित बी तयार करून विकणं परवडत नाही. आपल्याकडं पेरतात ते विजय, दिग्विजय, जॅकी हे सुधारित वाण. घरचं बी राखून पुन्हा पेरता येतं. संकरित बी आलं ते तुरीत, १९९१ साली, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेचं आयसीपीएच-८ हे वाण. मेसेजवाल्यानं तूर आणि हरभरा एकाच पोत्यात भरलेत.

आता ‘शून्य’. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठानं तिकडच्या कडधान्यांच्या वाणांतलं फोलेट, म्हणजे बी-९, मोजलं. २०१५ साली ते छापून आलं. हरभऱ्याच्या वाणांत १०० ग्रॅममागं ३५१ ते ५८९ मायक्रोग्रॅम. वाणावाणांत फरक पडतो, दीडपटीहून जास्त, एवढं मेसेजवाल्याचं कबूल. पण हे सगळे पैदास करून काढलेले वाण होते. आणि त्यातला सगळ्यांत हलका हरभराही वाटाण्याला दहापटीनं मागं टाकतो. वाटाण्यात भरलं जेमतेम २३ ते ३०.

बरं, ‘गावरान’ हा काही एक वाण नव्हे. गावागणिक बी वेगळं. कुठलं सरस हे एकाच रानात शेजारी-शेजारी पेरून, मोजूनच कळणार, कारण जमीन बदलली की आकडेही हलतात. जुनं बी जपायलाच हवं, नव्या वाणांना लागणारे गुण त्यातूनच मिळतात. पण पोत्यावर ‘गावरान’ लिहिलं म्हणून फोलेट वाढत नाही.

बी-१२ कुठल्याच डाळीत नसतं, गावरान असो की नसो. ते बनवतात जिवाणू. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या या मेसेजवर बंद करू नका.

फोलेट पाण्यात उतरतं. डाळ शिजवून पाणी काढलं की त्यातला बराच वाटा कटात जातो. मावशीनं होळीला त्याच महागड्या डाळीचं पुरण घातलं आणि कट सगळा मोरीत ओतला. आमटीनं पित्त होतं म्हणे.